सुनावणीत न सांगितलेलं

साक्रीचा सरकारी दवाखाना खासगी संस्थेकडे चालवायला द्यायचा, असं सरकारच्या मनात आलं आणि लोटन आबांच्या घरात उभी फूट पडली. आबा निवृत्त शिक्षक, दवाखाना बचाव समितीचे अध्यक्ष. मुलगा नवल सत्ताधारी पक्षाचा कार्यकर्ता. सकाळी ओसरीवर समितीची माणसं बसत, संध्याकाळी पक्षाची. आबांची बायको कमलबाई दोघांनाही चहा देई आणि वाद चढला की म्हणे, "बठ्ठा गप बठा, चहा थंडा व्हई राह्यना."

निर्णय लोंबकळला तशी नवी भरती थांबली. जुने डॉक्टर बदलून गेले. उरली एकटी डॉक्टर पुनम, नुकतीच शिकून आलेली.

चैत्रातल्या एका दुपारी दादर ज्वारी निवडता निवडता कमलबाई छाती धरून कलंडली. बापलेकांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं. पुनमने कार्डिओग्राम काढला आणि तिचा चेहरा उतरला.

"हार्ट अटॅक आहे. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन संपलंय. धुळ्यालाच न्यावं लागेल."

रुग्णवाहिका दुसऱ्या गावी गेलेली. नवलने मित्राची गाडी आणली. तो चालवायला बसला, आबा त्याच्या शेजारी; पुनम न सांगताच मागे कमलबाईपाशी चढली. वाटेत नेर गावाच्या अलीकडे कमलबाईचा श्वास थांबला. पुनम गुडघ्यांवर बसून तिची छाती दाबत राहिली. घामाने निथळली, तरी थांबली नाही. शेवटी नवलच रडत म्हणाला, "ताई, राहू द्या आता."

महिन्याभराने दवाखान्याच्या प्रश्नावर जनसुनावणी झाली. नवल उठला. "माझी आई सरकारी डॉक्टरच्या हातात गेली. असल्या दवाखान्याचा काय उपयोग?" त्याच्या बाजूने टाळ्या पडल्या.

आबांना राहवलं नाही. "अनुभवी डॉक्टर तुम्हीच हलवले आणि लोकांच्या जिवावर एक कच्ची पोर बसवली!" त्यांच्या बाजूने त्याहून मोठ्या टाळ्या पडल्या. छातीत ऊब दाटली. कमलबाई गेल्यापासून इतकं बरं त्यांना वाटलं नव्हतं, आणि त्याच क्षणी त्यांना स्वतःची किळस आली.

मागच्या रांगेतली पुनम उठून बाहेर गेली.

तिने राजीनामा दिल्याचं कळलं, तेव्हा आबा तिच्या खोलीवर गेले. ती पुस्तकं बांधत होती.

"पोरी, मी चुकलो."

"तुम्ही दोघं खोटं काहीच बोलला नाहीत, आबा," ती दोरीला गाठ मारत म्हणाली. "पण गाडीत काय झालं, ते आपल्या तिघांनाच ठाऊक होतं. तुमच्यापैकी कुणीतरी ते सांगाल, असं वाटलं होतं."

आबांनी पुस्तकांचा गठ्ठा उचलून बसथांब्यापर्यंत नेला. बस आली, ती गेली.

सुनावणीचा अहवाल मुंबईला गेला आणि तिथेच राहिला. नवल पक्षाच्या कामासाठी धुळ्यात देवपूरला राहायला गेला. घरी फोन करणं त्याने सोडलं. आबांनी अध्यक्षपद सोडलं, तरी पाय दवाखान्याकडे वळत.

एका सकाळी ते दवाखान्याच्या पायरीवर बसले असताना डोंगरातल्या पाड्यावरून धना आपल्या बायकोला, जमनाला, मोटरसायकलवर मध्ये धरून घेऊन आला. मागे त्याचा भाऊ होता. तिला धाप लागली होती, ओठ निळे पडले होते.

"आबा, डॉक्टर कोठे शे?"

आबांनी एकदा आतल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"धुळाले लई जा, भाऊ," ते म्हणाले. "आठे कोनीच नही."