न दिलेली हाक

विसोबा तांबटाची हातोडी हवेतच थांबली.

भिंतीपलीकडे गोपाळ नगाऱ्याचं तांब्याचं भांडं ठोकून घडवत होता आणि त्या ठोक्याचा आवाज बदलला होता. घटकाभरापूर्वी तांबं भरल्या आवाजात बोलत होतं. आता ते कोरडं, चिरकं वाजू लागलं. कसबा पेठेतल्या तांबट आळीत याचा अर्थ पोराटोरांनाही कळत असे. ठोकून ठोकून तांबं कडक होतं. मग हातोडी ठेवायची, भांडं भट्टीत लाल करायचं, पाण्यात विझवायचं, की ते पुन्हा मऊ. आळस केला तर तडकतं.

गंमत अशी की, ठोकणाऱ्याला स्वतःला हे सगळ्यांत शेवटी कळतं. त्याच्या कानात त्याचीच हातोडी घुमत असते. म्हणून आळीची जुनी रीत होती. ज्याला आवाज ऐकू येईल त्यानं "ताव!" अशी तापवण्याची हाक द्यायची, मग भांडं कुणाचं का असेना. वाटणीचा वाद असो, बोलणं बंद असो, हाक द्यायचीच. गेल्या वर्षी दोघे चुलतभाऊ एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत होते, त्यातला एक मध्येच थांबून "ताव!" असं ओरडला आणि पुन्हा आठव्या पिढीवर आला.

त्या दुपारी आळी जेवायला गेली होती. दोघांच्याच हातोड्या चालू होत्या. आणि गोपाळाचा डावा कान पार गेला होता, उजवाही जाण्याच्या वाटेवर होता. ही गोष्ट आळीत एकट्या विसोबाला ठाऊक होती. गोपाळानंच सांगितली होती. "दादा, कुणापाशी बोलू नका. बहिऱ्या तांबटाला काम कोण देणार? तुमची हाक आहे तोवर माझं निभतंय."

विसोबाचं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला.

पण हा नगारा त्याचा होता. निदान गेले सहा महिने तो तसं धरून चालला होता. एका सरदारांनी नारायण पेठेत देऊळ बांधायला घेतलं तेव्हापासून त्यानं मनातल्या मनात हा नगारा किती वेळा ठोकला होता, त्याला गणती नव्हती. आळीत सगळ्यांत जुना हात त्याचा. गोपाळ तर विसोबाच्या वडिलांपाशी शिकलेला, कोकणातून आलेला पोरका पोर. त्याला हातोडी धरायला विसोबानंच शिकवलं. आणि सरदारांचे कारभारी आले ते थेट गोपाळाच्या दारात.

एक ठोका पडला. दुसरा. तिसरा. विसोबानं तोंड मिटलं. चौथ्या ठोक्याला तांबं तडकलं.

आळी धावली. नगाऱ्याच्या काठापासून खाली वीतभर भेग गेली होती. गोपाळ तिच्यावरून अंगठा फिरवत बसला होता.

"अरे, कुणालाच कसं ऐकू आलं नाही?" कुणीतरी विचारलं आणि सगळ्यांच्या माना विसोबाकडे वळल्या.

"माझी घागर चालली होती," विसोबा म्हणाला. "मला कसं ऐकू येणार?"

गोपाळानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

दुसऱ्या दिवशी कारभारी विसोबाकडे आले. "विसोबा, काम आता तुम्ही करा. खरं तर आधीच तुम्हाला सांगायला हवं होतं."

हेच वाक्य ऐकायला तो सहा महिने तळमळत होता. आता ऐकलं तर ते नकोसं झालं. त्याला लाज वाटली, आणि ती कुठं ठेवावी ते कळेना. बायको ताट वाढून म्हणाली, "मोठं काम मिळालं, गोड करू का काही?" तर तो तिच्यावरच खेकसला. आनंदीनं ताटाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "बरं. मग कारल्याचं करते," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात उमेदगीर गोसावी आपला कमंडलू दुरुस्तीला घेऊन आला. हा सोमवार पेठेतल्या गोसावीपुऱ्यात राहणारा. कस्तुरी आणि देवावर ढाळायच्या चवऱ्या यांच्या व्यापारापायी नेपाळ ओलांडून भोट देशापर्यंत, म्हणजे तिबेटात, जाऊन आलेला.

"महाराज," कमंडलूची कडी बसवता बसवता विसोबा म्हणाला, "दुसऱ्याचं बरं झालं की पोटात दुखतं. यावर काही औषध असतं का?"

"कुणाच्या पोटात दुखतं?"

"आहे एक ओळखीचा."

"ओळखीचा फार जवळचा दिसतो," उमेदगीर म्हणाला. मग त्यानं सांगितलं, "भोटात मी एक हिवाळा लामांच्या मठात काढला. बर्फानं वाट बंद झाली होती. ते लोक बुद्धाला मानतात."

"दशावतारातला नववा? तो तर मौन धरून बसलेला."

"आपल्याकडे मौन. तिकडे त्याचं बोलणं लोकांना तोंडपाठ आहे. ऐक. सकाळी ताठ बसायचं. श्वास येतो, जातो, तो नुसता बघायचा. मन थाऱ्यावर आलं की एकेक माणूस समोर आणायचा. त्याचं काय बरं झालंय ते आठवायचं आणि मनात म्हणायचं, तुझं हे असंच राहो, वाढो. आधी आवडतं माणूस. मग वाटेवरचं कुणीतरी. आणि शेवटी तो, ज्याचं बरं झालेलं बघवत नाही. मुदिता म्हणतात याला. दुसऱ्याच्या आनंदात आनंद."

"आणि तो शेवटचाच आधी येऊन बसला तर?"

"येतोच. त्याला म्हणायचं, थांब बाबा, तुझी पाळी यायची आहे."

विसोबा बसू लागला. सकाळी, आळीतली पहिली हातोडी वाजण्याआधी, ऐरणीशेजारी पोतं टाकून. तिसऱ्या दिवशी आनंदी दारातून म्हणाली, "ध्यान चाललंय ना? नाही, घोरण्याचा आवाज आला म्हणून विचारलं."

आवडत्या माणसाचं सोपं होतं. लेक सासरी सुखात होती; तिला वाढो म्हणताना जीभ अडली नाही. वाटेवरच्या माणसाचंही जमलं. पखालवाल्या हुसेनला नवा रेडा मिळाला होता. रेड्याबद्दल आनंद मानणं जड गेलं नाही, कारण विसोबाला रेडा नको होता. पण गोपाळ समोर आला की जीभ अडायची. श्वास कुठं आहे तेच सापडेना. तो डोळे उघडून कामाला लागायचा, तरी कारभाऱ्यांनी दिलेल्या नगाऱ्याच्या पत्र्याला हात लावायचा नाही. पत्रा कोपऱ्यात तसाच उभा होता.

बारा-पंधरा दिवसांनी एका सकाळी गोपाळ समोर आला तो लहानपणचा. नाकाला शेंबूड, हातात पहिली घागर, एका बाजूला कललेली. ती घागर घेऊन विसोबा त्या दिवशी सगळी आळी फिरला होता. "बघा रे, आमच्या गोप्यानं केली!" घराघरात दाखवून आला होता. त्याला तेव्हा कुणी श्वास बघायला सांगितलं नव्हतं. आनंद झाला होता तो आपसूक, स्वतःच्या पहिल्या घागरीला झाला नव्हता एवढा.

विसोबाच्या डोळ्यांना धार लागली. तुझं असंच राहो, असं तो म्हणायला गेला आणि अडला. राहायला उरलंय काय? आपणच तर मोडलं. ज्याचं आपल्या हातानं मोडलं त्याला पोत्यावर बसून वाढो म्हणायचं, याची त्याला शिसारी आली. तो उठला, पागोटं डोक्याला गुंडाळलं आणि नारायण पेठेची वाट धरली.

"नगारा गोपाळाकडून करून घ्या," त्यानं कारभाऱ्यांना सांगितलं. "त्याची चूक नव्हती. तांबं कडक झाल्याची हाक देणं माझ्याकडे होतं. मी ऐकलं आणि गप्प बसलो."

"का?"

"नगारा मला हवा होता."

कारभाऱ्यांनी लेखणी खाली ठेवली. "वा! पुण्यात गप्प बसूनही काम मिळतं म्हणायचं. बरंय. तुमच्या हातचा नगारा देवापुढं नकोच आता."

संध्याकाळच्या आत ही गोष्ट आळीत पसरणार, हे विसोबाला ठाऊक होतं. त्याआधी त्यानं गोपाळाचं घर गाठलं. गोपाळ एका तांब्याला ठोके देत होता. विसोबा त्याच्या उजव्या बाजूला बसला आणि मोठ्यानं म्हणाला, "गोपाळा, त्या दिवशी मला ऐकू आलं होतं."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे? कुणी सांगितलं?"

"तुमची ऐरण या भिंतीला लागून आहे, दादा. कानाला नाही तरी बुडाला जमिनीतून कळतं." गोपाळानं तांब्या फिरवून पुढचा ठोका घातला. "तुमची हातोडी थांबली. मला वाटलं, दादांनी ऐकलं, आता हाक येईल. हाकेची वाट बघत मी तीन ठोके हलकेच घातले. चौथा जरा जोरात घातला. म्हटलं, थांबले असतील पाणी प्यायला."

विसोबाला बसवेना आणि उठवेना.

"मग त्या दिवशी चारचौघांत का नाही बोललास?"

"काय बोलू?" गोपाळ म्हणाला. "तुम्ही म्हणालात, घागर चालली होती."

दुसरा नगारा गोपाळानं तेवीस दिवसांत केला. ते तेवीस दिवस विसोबानं आपलं काम बाजूला ठेवलं. हातोडी मांडीवर घेऊन तो भिंतीशी बसून राही आणि आवाज फिरला की "ताव!" असं ओरडे, घसा बसेपर्यंत. पलीकडे हातोडी थांबे, भात्याचा सुस्कारा ऐकू येई. देवळात नगारा बसला त्या संध्याकाळी त्याचा घुमारा कसब्यापर्यंत आला. आळी ओट्यांवर येऊन ऐकत राहिली. विसोबाच्या छातीत काहीतरी भरून आलं. त्यात लाज होतीच, पण आनंदही होता आणि तो खरा होता. "गोपाळाचा नगारा," तो आनंदीला म्हणाला. "ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," ती म्हणाली आणि त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

आळीनं त्याला वाळीत टाकलं नाही, कुणी वाकडा शब्दही काढला नाही. फक्त विसोबाचं तांबं कडक झालं की हाक येईना. त्याच्या दोन घागरी तडकल्या. त्यानं तक्रार केली नाही. कुठल्या तोंडानं करणार? तो आता मध्येच थांबून भांड्याला टिचकी मारून बघे, आणि सकाळी पोत्यावर बसून आळीतलं एकेक घर मनात आणून वाढो म्हणे. शेवटचं घर गोपाळाचं.

दिवाळीच्या आधी एका दुपारी तो हंडा ठोकत होता. काम नुकतंच धरलं होतं. तांबं भरल्या आवाजात, सावकाश बोलत होतं.

"ताव!"

हाक भिंतीपलीकडून आली. गोपाळाची होती. आळीतल्या दोन-चार हातोड्या थांबल्या. कुणीतरी फिसकन हसलं. हंडा अजून मऊच होता, हे सगळ्यांना ऐकू येत होतं. गोपाळाला तेवढं ऐकू येत नव्हतं, आणि हे एकट्या विसोबाला ठाऊक होतं.

विसोबानं हातोडी खाली ठेवली. हंडा उचलून भट्टीवर ठेवला आणि भाता ओढायला घेतला.