तिला माझ्याशिवाय कोणी नाही

टेलरबाई खोटं बोलत नसत असं नाही, पण बोलायच्या ते धंद्यापुरतं. "परवा नक्की देते शिवून" हे तर खोट्यात धरायचंच नाही. ते सगळेच शिंपी बोलतात आणि गिऱ्हाइकांनाही ठाऊक असतं. त्या मंगळवारी मात्र त्यांनी आपल्या विहीणबाईंना फोनवर सांगितलं की दाढ दुखतेय, दुकान बंद ठेवून डॉक्टरकडे चाललेय. सांगताना त्यांनी गालाला हातसुद्धा लावला, जणू विहीणबाईंना फोनातून दिसणार होतं.

"जपा हो," विहीणबाई म्हणाल्या. "मीपण नाहीच आज बेकरीत. मैदा संपलाय, घाऊक बाजारात जाऊन येते."

दाढ ठणठणीत होती. टेलरबाई चालल्या होत्या व्हिसाच्या ऑफिसात.

त्यांची एकुलती एक लेक लग्न करून परदेशी गेली होती आणि तिला आता सातवा लागला होता. जावई भला होता, पण कामाला जायचा तो दिवेलागणीला परतायचा. शेजाऱ्यांची दारं कायम लावलेली. पोरीला दिवसभर पाणी विचारायला माणूस नव्हतं. फोनवर ती हसायची, पण फोन ठेवता ठेवता "ये ना गं" म्हणायची आणि मग टेलरबाईंचं शिलाईत लक्ष लागत नसे. एकदा तर त्यांनी एका बाईंच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. बाळ यायच्या आत लेकीजवळ पोचायचं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. आणि खरं सांगायचं तर पोचायचं होतं विहीणबाईंच्या आधी.

या दोघींचं तसं वाकडं काही नव्हतं. लग्नात नवरीचा पोशाख टेलरबाईंनी शिवला आणि केक विहीणबाईंच्या बेकरीतून आला, तिथून सगळं सुरू झालं. विहीणबाई पोशाख बघून म्हणाल्या, "सुरेख. बाही जरा दाटते का?" टेलरबाई केक खाऊन म्हणाल्या, "छान. पाणी देता का थोडं?" बस, एवढंच. पण तेव्हापासून दोघी एकमेकींशी इतक्या गोड बोलत की ऐकणाऱ्याला धडकी भरावी.

व्हिसाच्या ऑफिसात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येकाच्या मांडीवर कागदांची फाइल. टेलरबाईंनी कडेची खुर्ची बघितली, बसल्या, फाइल नीट केली आणि शेजारी बघितलं. शेजारी विहीणबाई.

विहीणबाईंनी आपली फाइल हळूच पर्सखाली सरकवली, पण पर्स छोटी होती आणि फाइल मोठी.

"मैदा इथे मिळतो होय?" टेलरबाईंनी विचारलं.

"हो, दाढेच्या डॉक्टरच्या शेजारीच," विहीणबाई म्हणाल्या.

तेवढ्यात विहीणबाईंचा नंबर लागला म्हणून बरं. त्या तरातरा गेल्या आणि थोड्या वेळाने चेहरा पाडून परत आल्या. टेलरबाईंना आधी आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. मग लगेच त्यांचा नंबर पुकारला गेला.

काचेमागे चष्मा लावलेली एक तरुण अधिकारी बसली होती. परदेशी होती, पण आपली भाषा शिकून आलेली. एकेक शब्द धुऊन पुसून ठेवल्यासारखी बोलायची.

"आपण कशासाठी जात आहात?"

"लेकीचं बाळंतपण आहे."

"तिथे तिला मदत करण्यास दुसरे कोणी आहे?"

इथे टेलरबाईंनी जीव ओतला. "कोण असणार हो? माझ्याशिवाय तिला कोणी नाही."

अधिकारी बाईने पेन खाली ठेवलं. "आत्ताच एक बाई याच घरी जाण्यासाठी आल्या होत्या. त्याही म्हणाल्या की त्यांच्याशिवाय या मुलीला कोणी नाही. मला सांगा, या मुलीला नक्की किती जणींशिवाय कोणी नाही?"

टेलरबाईंनी पदराने कानशिलं पुसली.

"आणि दुसरी गोष्ट," ती अगदी शांतपणे म्हणाली. "जिला तुमच्याशिवाय कोणीच नाही, तिला सोडून तुम्ही परत का याल?"

दुकान, नवरा, स्वतःचं घर, सगळं होतं की नाही? होतं. पण त्या क्षणी डोळ्यांपुढे फक्त पोरगी होती, आणि तिला सोडून परत का यायचं हे त्यांना स्वतःलाच कळेना. व्हिसा नाकारल्याचा कागद घेऊन त्या बाहेर आल्या. जिन्यात विहीणबाई उभ्या होत्या, तसलाच कागद घेऊन. दोघी खाली उतरल्या आणि एक डावीकडे गेली, एक उजवीकडे.

संध्याकाळी, दोघींकडून वेगवेगळी हकीकत ऐकून झाल्यावर, लेकीने दोघींना एकाच व्हिडिओ कॉलवर घेतलं. आधी ती इतकी हसली की टेलरबाईंना वाटलं, हिला आत्ताच कळा लागतात की काय.

"दोन दोन आया आहेत मला," ती म्हणाली, "आणि दोघींनी मिळून मला सरकारदरबारी अनाथ करून टाकलं."

मग हसता हसताच ती रडायला लागली. पडद्यावर दोघी आपापल्या चौकोनात पुढे सरकल्या.

"मला भीती वाटते गं," लेक डोळे पुसत म्हणाली. "रात्री हा झोपला की मी जागी असते. मला एक कोणीतरी नकोय, दोघी हव्या आहात. एकीने बाळाकडे बघायचं, एकीने माझ्याकडे. भांडायचंय ना? खुशाल भांडा. पण इथे येऊन भांडा."

दुसऱ्या दिवशी टेलरबाई स्वतःहून बेकरीत गेल्या. जाताना रिकाम्या हाताने कशा जाणार, म्हणून ओव्हनजवळ वापरायला जाड कापडाचे हातमोजे शिवून नेले. विहीणबाईंनी ते घातले, बोटं हलवून बघितली, आणि बाही दाटते वगैरे काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी बन काढून दिला. टेलरबाईंनी तो पाण्याविना संपवला. अर्ज एकत्र करायचा, असं ठरलं.

आता तयारी आली. टेलरबाईंचे यजमान रेल्वेत तिकीट तपासनीस होते, नुकतेच निवृत्त झालेले. कुणाची तरी झडती घ्यायला ते आसुसलेलेच होते. बेकरी बंद झाल्यावर मागच्या खोलीत ते स्टुलावर बसायचे, केक गार करायची जाळी खिडकीसारखी तोंडासमोर धरायचे आणि प्रश्न विचारायचे.

"तुम्हा दोघींचे संबंध कसे आहेत?"

"बहिणी-बहिणींसारखे," दोघी एका सुरात म्हणायच्या.

"हे ऐकून मी तुम्हाला पुढच्या स्टेशनावर उतरवलं असतं," ते जाळीआडून म्हणायचे. "पुन्हा. जरा खरं वाटू द्या."

"परत का याल?"

"माझी बेकरी आहे."

"माझं दुकान आहे आणि हे आहेत."

"मी शेवटी का?" यजमान विचारायचे, आणि तालीम तिथेच मोडायची.

एका संध्याकाळी ते जाळी घेऊनच स्टुलावर पेंगले, तेव्हा दोघी ट्रे पुसत बसल्या होत्या. विहीणबाई एकदम म्हणाल्या, "मी तुम्हाला सांगितलं नाही, ते का माहितीये? तुमची ती पोटची पोर. माझ्याकडे मागून आलेली. तुम्ही आधी पोचलात की तुमचं माहेर तिथे उभं राहणार. मग मी पाहुणी. हे गेल्यापासून मला घरात कोणी हाक मारणारं नाही हो. ती मारते, रोज. ते गमवायला नको होतं मला."

इतके दिवस त्यांना वाटत होतं की या बाईला फक्त मिरवायचंय. त्यांनी विहीणबाईंच्या हातातला ट्रे घेतला आणि आधीच स्वच्छ असलेला तो पुन्हा पुसला.

"मलापण तीच भीती होती," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्ही आधी गेलात की तिला तुमच्या हातच्या खाण्याची सवय लागणार. माझ्या हाताला चव नाही, सगळ्यांना माहितीये."

"हे मात्र खरंय," विहीणबाई म्हणाल्या, आणि दोघींना जे हसू सुटलं त्याने यजमान जागे होऊन "तिकीट, तिकीट" म्हणाले.

मुलाखतीच्या दिवशी दोघी एकाच रिक्षातून गेल्या. नशीब बघा, खिडकीही तीच आणि चष्माही तोच. अधिकारी बाईने दोघींकडे एकदम पाहिलं आणि तिच्या भुवया चष्म्याच्या वर गेल्या.

"आज दोघी?"

"बहिणी-बहिणींसारख्या आहोत," दोघी म्हणाल्या. इतकी तालीम होऊनही ते खरं वाटलं नाही.

"बरे. तिथे घर किती मोठे आहे?"

"दोन खोल्या," टेलरबाई म्हणाल्या. "एक त्यांची, एक आमची."

"म्हणजे आपण दोघी एका खोलीत राहणार. बाळ रात्री रडले तर कोण उठणार?"

हा प्रश्न तालमीत नव्हता.

"मी," टेलरबाई म्हणाल्या.

"मी," विहीणबाई म्हणाल्या. "यांची झोप गाढ आहे. घोरतात असं यांचे यजमानच सांगतात."

"घोरते मी? आणि तुम्ही पहाटे चारला उठून भांडी वाजवता त्याचं काय?"

"बेकरीवालीला चारला उठावंच लागतं."

"तिथे कुठे बेकरी आहे? बाळाला काय पाव खायला घालणार आहात? तेही तुम्ही घातला असता म्हणा, कोरडा."

"कोरडा? आणि तुम्ही शिवलेली झबली? त्यातून बाळाचे हात बाहेर येतील का तरी? बाही दाटते, हे मी लग्नातच म्हटलं होतं."

मागच्या रांगेतली माणसं उठून बघायला लागली. अधिकारी बाईने काचेवर पेन टकटकवलं, तेव्हा दोघी भानावर आल्या. संपलं, टेलरबाईंना वाटलं. हातातोंडाशी आलेलं आपणच घालवलं. पोरगी तिकडे रात्र रात्र जागतेय आणि आपण इथे बाह्यांवरून भांडतोय.

"शेवटचा प्रश्न," अधिकारी बाई म्हणाली. "दोन महिन्यांनी आपण परत का याल?"

दुकान, टेलरबाई मनात म्हणाल्या. दुकान आणि हे. पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"मॅडम, यांच्याबरोबर एका खोलीत दोन महिने काढायचेत मला. लेकीसाठी काढेन. पण त्याच्यावर एक दिवस मला कोणी तिथे ठेवून दाखवावं."

"मी तर तिकीट आधीच काढून ठेवते परतीचं," विहीणबाई म्हणाल्या. "खिडकीपाशी नको, मधल्या वाटेपाशी. पटकन उतरता येतं."

अधिकारी बाईने खाली मान घातली. तिचे खांदे हलायला लागले. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि जेव्हा ती बोलली तेव्हा तिची ती धुतलेली भाषा पार चुरगळली होती.

"माझ्या आईचं आणि सासूचं पण असंच आहे," ती म्हणाली. "दोघी माझ्याकडे येऊन गेल्या. कधी एकदा परत जातो असं झालं होतं त्यांना." मग तिने शिक्क्याकडे हात नेला. "जा. दोघी जा."

टेलरबाईंचा जीव भांड्यात पडला. बाहेर आल्यावर त्यांनी भर रस्त्यात विहीणबाईंना मिठी मारली आणि विहीणबाईंनी ती मारू दिली. मग दोघींनी मिळून लेकीला फोन लावला आणि दोघी एकदम बोलायला लागल्या, त्यामुळे पहिली पाच मिनिटं पोरीला काहीही कळलं नाही.

पुढचं सगळं धावपळीचं होतं. विमानात विहीणबाईंनी हवाईसुंदरीला पाव कसा भाजतात ते समजावलं. टेलरबाई विहीणबाईंच्या खांद्यावर डोकं टाकून घोरल्या. पोचल्यावर लेकीने दोघींना दारातच एकदम कवेत घेतलं, पोट मध्ये येत होतं तरी, आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही. त्या रात्री ती सलग झोपली. सकाळी जावयाने हे सांगितलं तेव्हा दोघी स्वयंपाकघरात एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिल्या, कारण दोघींचेही डोळे भरून आले होते.

आणि मग एक दिवस, न्याहारीच्या वेळी, कळा सुरू झाल्या. हॉस्पिटलात लेकीबरोबर आत एकालाच जायला मिळत होतं, तो जावई गेला. दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. टेलरबाईंनी आधी पर्सचा पट्टा धरला, मग बाकाची कड धरली, आणि शेवटी विहीणबाईंचा हात धरला. तो हात ओव्हनने भाजून भाजून खरखरीत झालेला होता, आणि आत्ता थंडगार पडला होता.

"पहिली खेप आहे. वेळ लागतोच," विहीणबाई म्हणाल्या.

"मला माहितीये," टेलरबाई म्हणाल्या. "तरी बोलत राहा."

विहीणबाई बोलत राहिल्या. बेकरीबद्दल, मुलाच्या लहानपणाबद्दल, गेलेल्या नवऱ्याबद्दल. टेलरबाईंनी ऐकलं किती कोण जाणे, पण हात सोडला नाही. ऊन खिडकीतून बाकापर्यंत आलं, तेव्हा दार उघडलं आणि नर्स बाहेर आली. तिच्या हातात पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं एक इवलंसं गाठोडं होतं.

"मुलगी झाली. आई छान आहे," ती तिच्या भाषेत म्हणाली, आणि हे दोघींनाही कळलं. मग तिने विचारलं, "आजी कोण?"

तेही कळलं. टेलरबाईंनी विहीणबाईंकडे बोट दाखवलं. त्याच क्षणी विहीणबाईंनी टेलरबाईंकडे दाखवलं.

नर्स दोन बोटांकडे बघत राहिली. विहीणबाई जवळ होत्या म्हणून तिने बाळ त्यांच्या हातांत ठेवलं. आता आपल्याला वाईट वाटणार, म्हणून टेलरबाईंनी मन घट्ट केलं, पण वाईट काही वाटेना. नुसता आनंद होता, आणि तो मावत नव्हता.

"मान सांभाळा," त्या म्हणाल्या.

"मला शिकवू नका," विहीणबाई म्हणाल्या. त्या घळाघळा रडत होत्या. "या इकडे. तुम्ही मानेखाली हात घाला, मी पाय धरते."