ठकीवरचा आळ

नीलकंठाने तिसऱ्यांदा हाताला राख चोळली, लिंबाची फोड बोटांच्या पेरांवरून फिरवली आणि हात नाकाशी नेला. वास गेला होता, निदान माणसाच्या नाकापुरता तरी गेला होता. मोंबासा बंदराच्या वरच्या गल्लीत, अंगात काळा कोट आणि डोक्यावर देवासची पगडी असलेला एक हिंदी कारकून रोज संध्याकाळी विहिरीपाशी भांडी घासल्यासारखे हात घासतो, याचं तिथल्या बायकांना आताशा हसूही येईनासं झालं होतं.

घरी पोचला तर उंबऱ्यात भुरी आणि ठकी दोघी वाट बघत बसलेल्या. भुरीने नुसती शेपटी उभारली. ठकी मात्र सरळ येऊन त्याच्या उजव्या बाहीला चिकटली. लिंबू हातांना लावलं होतं. बाहीचं भान राहिलं नव्हतं. ठकी अशी काही मन लावून ती बाही चाटू लागली, की जणू त्यासाठीच ती समुद्र ओलांडून आली होती.

या दोघी देवासहून आल्या होत्या, आणि त्याही नीलकंठाच्या बायकोच्या, बकुळेच्या अटीवर. देवासच्या दप्तरात वरची जागा मिळायला कुणीतरी मरावं लागे आणि तिथली माणसं दीर्घायुषी. म्हणून नीलकंठाने इथल्या रेल्वे कचेरीतली नोकरी धरली. बकुळा धारची. आयुष्यात तिने ओलांडलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे धरमपुरीला नावेतून ओलांडलेली नर्मदा. काळ्या पाण्यापलीकडे जायचं म्हटल्यावर तिच्या माहेरी रडारड झाली, पण ती स्वतः शांतपणे म्हणाली, की येते, मात्र भुरी-ठकी बरोबर येतील. लग्नाला दहा वर्षं होऊनही मांडी रिकामी होती आणि त्या मांडीवर या दोघींनी केव्हाच हक्क सांगितला होता. नीलकंठाच्या वडिलांनी, तात्यासाहेबांनी, तेवढ्यातही थट्टा केली. देवासात एका गावात दोन राजे. इथली मांजर सकाळी थोरल्या पातीत दूध पिते आणि दुपारी धाकट्या पातीत झोपते, तिला कसलं आलंय परराज्य, असं ते म्हणाले आणि सुनेला होकार दिला.

बोटीवर बकुळा अकरा दिवस दुधात भिजवलेल्या दशम्यांवर राहिली आणि त्याच दशम्या कुस्करून तिने मांजरींना घातल्या. खलाशांनी गंमत म्हणून एकदा मासा टाकला, तेव्हा भुरी आणि ठकी त्याच्याकडे बघतच राहिल्या, आणि बकुळेने करंडीचं तोंड भिंतीकडे फिरवलं. मोंबाशात उतरल्यावर पहिले काही महिने तिला रोज सकाळी उठल्यावर आपण कुठे आहोत हे आठवावं लागे. मग हळूहळू तिने धारहून आणलेलं तुळशीचं बी तेलाच्या डब्यात रुजवलं, कच्छी वाण्याकडचा तांदूळ पारखून घ्यायला शिकली, बकरीचं दूध पचवलं आणि नारळ विकायला येणाऱ्या फातुमा नावाच्या म्हातारीशी मोडक्यातोडक्या स्वाहिलीत हुज्जतही घालू लागली. भोवती समुद्र, दारोदारी मासे, पण तिच्या मांजरी दूधभातावर होत्या. ‘माझ्या मांजरी अजून मासा हुंगत नाहीत,’ असं तिने देवासला पत्रात लिहिलं, आणि तात्यासाहेबांनी ते पत्र म्हणे चार घरी वाचून दाखवलं.

मासा हुंगला होता तो मांजरींच्या धन्याने.

आल्या वर्षीच तो तापाने महिनाभर झोपला. उठला तेव्हा पायांत उभं राहायचं बळ नव्हतं. कचेरीतला गोव्याचा एक कारकून त्याला बंदरावरच्या खाणावळीत घेऊन गेला आणि माशाची कढत आमटी पुढे ठेवून म्हणाला, की हे औषध समजा. नीलकंठ पहिली वाटी औषध म्हणूनच प्याला. दुसरी वाटी मागितली तेव्हा औषधाचं नाव निघालं नाही. ताप गेला, पायांत बळ आलं, पण खाणावळ सुटली नाही. आपण खाल्लं याचं त्याला तितकं लागत नव्हतं. संकटात माणूस काय खात नाही. पण सकाळी दहा वाजल्यापासून आपण संध्याकाळच्या त्या ताटाची वाट बघतो, घरी बकुळेने वाढलेल्या वरणभाताला आपल्याला चव लागत नाही, हे त्याचं त्याला कळत होतं आणि त्याची त्याला मनापासून लाज वाटत होती.

बकुळा हात पुसत बाहेर आली. बाही चाटणारी ठकी तिने पाहिली, जवळ आली आणि एकदम थबकली.

“हा वास कसला?”

 नीलकंठाच्या तोंडातून जे निघालं ते इतकं सहज निघालं, की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

“ठकीनं कुठं तरी तोंड घातलं असेल. आल्या आल्या माझ्या बाहीला पुसलं.”

बकुळा ठकीकडे बघत राहिली. पोटच्या पोरीने चोरी करावी आणि ती शेजाऱ्यांनी येऊन सांगावी, तसा तिचा चेहरा झाला. बाही चाटता चाटता ठकीने एकदा मान वर करून बघितलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागली.

विटाळ झाला म्हणजे तो स्वयंपाकघरापर्यंत गेलाच असणार. बकुळेने मातीची मडकी फोडून टाकली, पितळेची भांडी चिंचेने घासली, कोनाड्यातल्या गडूतलं गंगाजल घरभर शिंपडलं आणि दोन दिवस तोंडात पाण्याशिवाय काही घातलं नाही. नीलकंठ मूग गिळून बसला. आता सांगू, मग सांगू असं दोन दिवस चाललं होतं. तिसऱ्या दिवशी फातुमा नारळ घेऊन आली, तेव्हा बकुळेने ठकीला उचलून प्रवासातल्या त्याच करंडीत ठेवलं आणि म्हातारीबरोबर स्वतः चालत बंदरापर्यंत गेली. दारात बसलेल्या नीलकंठाने तिला वाट द्यायला पाट थोडा बाजूला ओढला. तेवढंच त्याच्याकडून झालं.

ती रिकामी करंडी घेऊन परत आली. रडली नव्हती.

“मीच फुशारकी मारली होती,” ती म्हणाली. “सगळ्या देवासला सांगितलं, माझ्या मांजरी अशा नि तशा.”

त्यानंतर दहा दिवस नीलकंठ खाणावळीकडे फिरकला नाही. अकराव्या दिवशी गेला.

दोनेक महिन्यांनी तात्यासाहेबांचं पत्र आलं. नीलकंठाच्या धाकट्या बहिणीचं, इंदूचं, धारला ठरत आलं होतं. उमाशंकरशास्त्र्यांच्या घरचं स्थळ. मुलगा शिकलेला, माणसं कुळाचारी, पत्रिका जुळलेली. घोडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी. वधूचा सख्खा भाऊ समुद्रापार गेलेला. नुसत्या समुद्र ओलांडण्याचं काही नाही, परत आल्यावर प्रायश्चित्त घेतलं की ते फिटतं, असं शास्त्रीबुवा म्हणत होते. पण तिकडे अभक्ष्यभक्षण घडलं असेल तर अशा घरची मुलगी त्यांच्या घरातल्या बायका करू देणार नाहीत. भावाचं काय, तो स्वतःविषयी काहीही लिहील, म्हणून शास्त्रीबुवांनी नीलकंठाचा शब्द मागितलाच नव्हता. त्यांना बकुळेचं पत्र हवं होतं. ती त्यांच्याच आळीत लहानाची मोठी झालेली. तिने कुलस्वामिनीची शपथ घेऊन स्वहस्ते लिहावं, म्हणजे पुढचं बोलणं होईल. इंदूला एकोणिसावं लागलं आहे, हे तात्यासाहेबांनी वेगळ्या ओळीत लिहिलं होतं. शेवटी ता. क. म्हणून, की धारचे बळवंतराव पवार यांना तुमच्याच रेल्वेत जागा मिळाली असून ते पुढच्या बोटीने येत आहेत, त्यांची सोय पाहावी.

बकुळेने पत्र दोनदा वाचलं. वडिलांनी तिला लिहायला वाचायला शिकवलं होतं आणि तिचं अक्षर नीलकंठाहून चांगलं होतं. तिने दिवसाउजेडीच खिडकीपाशी पाट मांडला, कागद घेतला, दौत उघडली.

“काय लिहू?” तिने विचारलं.

“तात्यासाहेबांनी लिहिलंय तेच.”

“तसंच लिहू?”

“हो.”

टाक दौतीत बुडवून ती थोडा वेळ तशीच थांबली. नीलकंठ खिडकीबाहेर बघत होता. आता बोललो तर इंदूचं लग्न मोडेल, असं तो मनाशी म्हणत होता आणि ते खरंही होतं. पण बोलायची भीती इंदूसाठी नव्हती, हेही तितकंच खरं होतं. ही बाई आपल्यावर विश्वास ठेवून देवीच्या नावाने खोटं लिहिणार आहे आणि आपण ते लिहू देणार आहोत. धरणी दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय, ते त्याला त्या दुपारी कळलं. आणि तरीही तो म्हणाला, “शाई वाळेल.”

बकुळेने लिहिलं. ‘आमचे घरी व आम्हां उभयतांचे हातून अभक्ष्यभक्षण घडलेले नाही, हे मी कुलस्वामिनीची शपथ वाहून लिहिते.’ खाली आपलं नाव घातलं आणि कागद त्याच्या हातात दिला. अक्षर नेहमीसारखंच होतं, वळणदार.

पत्र टपालात पडल्यावर चौथ्या दिवशी कचेरी अर्ध्यातच सुटली. खाणावळ त्या दिवशी बंद होती, म्हणून नीलकंठ सरळ घरी आला. दारातच त्याला तो वास आला. आधी वाटलं, आपल्याच कपड्यांचा. मग लक्षात आलं, की वास घराच्या मागून येतो आहे.

मागच्या अंगणात, स्वयंपाकघरापासून लांब, तीन दगडांची नवी चूल मांडली होती. चुलीवर नवं मडकं. फातुमा नुकतीच आटोपून निघाली होती. त्याला बघून तिने मान हलवली आणि कुंपणाच्या फटीतून निघून गेली. बकुळा मडक्यापासून हातभर दूर उभी होती, पदर नाकाला घट्ट धरलेला, दुसऱ्या हातात लांब दांड्याचा डाव. खापरीत माशाचं डोकं पडलं होतं आणि भुरी ते खात होती.

“भुरीसाठी केलंस?” नीलकंठाने विचारलं.

“भुरीला डोकं पुरतं.”

ती मडक्यात बघत बोलत होती. आवाज चढलेला नव्हता.

“ठकीला जाऊन दोन महिने झाले. बाहीचा वास काही गेला नाही. मी विचारलं नाही. वाटलं, आपणच सांगाल.”

नीलकंठाने आपल्या उजव्या बाहीकडे बघितलं. 

“मग पत्रात...”

“इंदूचं लग्न व्हायला हवं ना,” ती म्हणाली. “लिहिताना दोनदा विचारलं आपल्याला.”

तो खाली बसला. पगडी काढून गुडघ्यावर ठेवली. काही तरी बोलायलाच हवं म्हणून त्याने सर्वांत सोपं होतं ते विचारलं, की ठकीला परत आणायचं का.

“आज सकाळी गेले होते. फातुमेच्या दारात बसली होती, मस्त जाडजूड झालीये. हाक मारली तर बघितलंसुद्धा नाही तिनं.” एवढं बोलताना मात्र तिचा आवाज जरा अडकला. तिने डावाने मडकं उगाचच ढवळलं. “बळवंतराव पुढच्या बोटीनं येताहेत. बंदरावरच उतरणार, बंदरावरच जेवणार. फातुमेनं आपल्याला पाहिलं त्या खाणावळीत त्यांनाही आपण दिसलात, तर बातमी धारला पोचायला महिनाभर लागेल एवढंच. शपथ माझ्या हातची आहे. आता तिकडे बिलकुल जायचं नाही. जे काय असेल ते इथं, घराच्या मागं.”

“बकुळे, तुझं सोवळं...”

“आंघोळ करीन. खामखा घबराऊ नका.”

तिने जमिनीवर केळीचं पान टाकलं. पानावर भात होता, तिच्या स्वयंपाकघरातला, मूद पाडून वाढलेला. वरून डाव तिरपा करून, पानाला कुठे लागणार नाही अशा बेताने, तिने माशाचे दोन तुकडे सोडले. हळद जास्त पडली होती आणि एक बाजू करपली होती. नीलकंठ पानावर बसला. त्याचा हात उचलेना. माळव्यात असती तर नुसत्या वासाने जेवण टाकून उठली असती अशी ही बाई, आणि तिला त्याने आज या चुलीपाशी उभं केलं होतं.

बकुळेने डाव चुलीच्या दगडाला टेकवला आणि ती न्हाणीकडे निघाली. दाराशी पोचल्यावर वळून तिने पानाकडे बघितलं.

“काटे कसे काढतात ते मला येत नाही,” ती म्हणाली. “जपून खा.”