डोणीतली सभा

उज्ज्वलानं एलएलबी केलं, पण जव्हारला धर्मेंद्र वकिलांच्या हाताखाली बसल्यावर तिला कळलं, की कायदा शोधायचा कसा हे आपल्याला येतच नाही. वकिलांकडे कामं यायची दुकानदारांची आणि संस्थांची. त्यांची शिकवण एकच: "आधी संस्थेची घटना वाच, मग कायदा, मग निवाडे. आणि निवाडा वरच्या कोर्टानं फिरवला नाही ना, ते बघ."

पहिलंच काम आलं सूर्यमाळच्या सकूबाईंचं. त्यांची बायकांची संस्था नागलीची, म्हणजे नाचणीची, बिस्किटं करायची. एक कंपनी ती विकायला तयार होती, पण करारासाठी तिला सर्वसाधारण सभेचा ठराव हवा होता. उज्ज्वला घटना वाचायला बसली आणि कलम नऊवर अडली: ‘सभा डोणीत भरेल. सर्व सदस्य डोणीत बसलेले असावेत.’

नोंदणीच्या एजंटनं किनाऱ्याकडच्या कुठल्याशा मच्छीमार संस्थेची घटना जशीच्या तशी उतरवली होती.

"मग बदला ना ते कलम," सकूबाई म्हणाल्या.

"बदलायला सभा लागते, मावशी."

"घेऊ की."

"ती डोणीत लागते."

सकूबाईंनी दाराबाहेर डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "समुद्र किती लांब हाय, बाय?"

उज्ज्वलानं कायदा चाळला. डोणीची व्याख्या कुठंच नव्हती. मग तिला एक निवाडा सापडला: व्याख्या नसेल तर शब्दाचा रोजच्या वापरातला अर्थ घ्यावा. तिनं शब्दकोश उघडला. डोणी म्हणजे लहान होडी. आणि त्याच्याच खाली, गुरांना पाणी पाजायची डोण. दोन्हींचं रूप ‘डोणीत’च.

"सर, ती पाण्यात तरंगावी असं कुठं लिहिलंय?"

वकिलांनी कलम दोनदा वाचलं. "कुठंच नाही," ते म्हणाले.

सूर्यमाळला विहिरीपाशी गुरांची लांबलचक सिमेंटची डोण होती. उन्हाळ्यात ती कोरडीच असायची. सगळ्या बाया एकीमागे एक तीत दाटीवाटीनं बसल्या. त्यांतल्या कमूनं पाय बाहेर टाकले तर चालतील का, यावर थोडी चर्चा झाली. बसणं महत्त्वाचं, पाय नव्हेत, असा उज्ज्वलानं सल्ला दिला.

सभा सुरू झाली आणि टँकर आला. ड्रायव्हर गोरखनं नळी थेट डोणीत सोडली.

"अरे थांब, सभा चाललीय!" उज्ज्वला ओरडली.

"गुरं तहानलीत, ताई. मला पुढं अजून दोन पाड्यांना जायचंय."

"तहकूब करू का?" सकूबाईंनी विचारलं.

"तहकूब सभाही डोणीतच घ्यावी लागेल."

पाणी कमरेपर्यंत चढलं. कराराचा ठराव एकमतानं मंजूर झाला. मग कलम नऊ बदलण्याचा ठराव आला. एकही हात वर झाला नाही.

"कमूताई, तुम्हीपण?" उज्ज्वलानं विचारलं.

कमूनं पाय आत ओढून घेतले आणि ती गळ्यापर्यंत पाण्यात सरकली. "चैतात एवढं पाणी अंगाला कधी लागलं होतं? मला नाय बदलायचं."

कलम राहिलं. कंपनीच्या मुंबईच्या वकिलानं पत्रानं एकच शंका काढली: डोणीचा नोंदणी क्रमांक काय? उज्ज्वलानं निवाडा, शब्दकोशाचं पान आणि पाणी पिणाऱ्या दोन म्हशींचा फोटो पाठवला. त्यानंतर करारावर मुकाट सह्या झाल्या.