एकतीस वर्षे सात महिने

पेन्सिल अंगठ्याच्या दोन पेरांएवढीच उरली होती, आणि टाकून देण्याऐवजी बाबांनी तिच्या मागच्या टोकाला जुन्या बॉलपेनचं नळकांडं बसवून ती पुन्हा वीतभर लांब केली होती. टीपॉयवर, प्रबंधाच्या फोटोकॉपीवर, ती आडवी ठेवलेली. गॅलरीतून आलेलं ऊन त्या पारदर्शक नळकांड्यात अडकलं होतं आणि जया त्या उन्हाकडे बघत होती. त्या रविवारचं आपल्याला पुढे सगळ्यात स्पष्ट आठवेल ते हेच, असं वाटण्याचं तेव्हा काही कारण नव्हतं. डिसेंबर होता. कर्वेनगरमधल्या सगळ्या इमारतींच्या गच्च्यांवर रविवारी वाळत असतात तितकेच कपडे वाळत होते.

“झालं वाचून?” तिनं विचारलं.

“झालं.” बाबा टॉवेलला हात पुसत बाहेर आले. “शुद्धलेखन बरं आहे. विद्यापीठाच्या मानानं.”

“दोन दिवस झाले, त्याच्यातच मुंडकं घालून बसले हायेत,” गॅलरीतून आई म्हणाली. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. “जेवाले बलावलं, त थांब म्हने.”

“आलो न वं मी,” बाबा तिला म्हणाले, आणि त्याच श्वासात जयाकडे वळून, “तुझ्या त्या कंपनीत काय नवीन?”

एका भोकातून वायर काढून दुसऱ्यात खोचावी तसं. आवाजसुद्धा न होता. नंदाबाईंशी — म्हणजे आईशी — अकोल्याकडचं बोलणं, मुलीशी पुण्याचं, आणि मध्ये काही नाही. क्षणभराची खरखरही नाही. याच्यावर तिनं प्रबंधात एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. समोर घडत असताना ती आता ते ऐकत नसे, नोंदवत असे… आणि हे लक्षात आलं की तिला थोडं बरं वाटे, थोडं नाही.

कंपनीतलं तिनं सांगितलं. विद्यापीठातली नोकरी कायम होईपर्यंत ती दर शुक्रवारी एका कॉल सेंटरमध्ये पोरापोरींना उच्चार शिकवायला जात होती. तिथं प्रत्येकाला अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला सांगायला एक नाव देतात. संजयचा सॅम होतो.

“आणि समाधानचं काय करतात?”

“सायमन.”

बाबा हसले. हसताना त्यांच्या डोक्यावरची ती आडवी रेघ हलली. तीस वर्षं हेडफोनची पट्टी बसून केस कायमचे दबले होते तिथं. “आम्ही निदान नंबर तरी खरा सांगत होतो,” ते म्हणाले.

ट्रंक, अठ्ठावीस बोलतोय. बाबा परगावचे ट्रंक कॉल जोडून देत, त्या टेलिफोन ऑफिसात नाव सांगायची पद्धत नव्हती. तक्रार करायची तर नंबरावर करायची, स्तुती करायची तर तीही नंबराची. दहा वर्षं त्यांचा आवाज ऐकलेली माणसं विचारत, अहो अठ्ठावीस, तुम्ही जोशी की कुलकर्णी? — आणि भीमराव तायडे म्हणत, “अठ्ठावीसच. लाईन दिली आहे, बोला.” मग ते बाजूला होत. लाईन दिल्यावर मध्ये थांबायचं नाही, हा नियम होता आणि तो त्यांच्या अंगात इतका मुरला होता की घरातही एखादी गोष्ट सांगून झाली की ते उठून दुसऱ्या खोलीत जात.

त्या दिवशीही गेले. जयानं फोटोकॉपी पिशवीत टाकली. उघडली नाही. उघडता आली असती — पण साडेअकरा झाले होते, आणि माणूस ज्या गोष्टीला घाबरतो त्या गोष्टीला त्याच्याकडे वेळ नसतो. “पुढच्या रविवारी बोलू सावकाश,” ती म्हणाली. आतून उत्तर आलं, “हं.”

सोमवारी सकाळी सात वाजता दूध घेऊन येताना ते जिन्यात बसले. दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांना वाटलं, दम खात आहेत.

*

त्याला आता पंधरा महिने झाले. मार्च, दुपार. जया कसब्यातल्या गल्ल्यांतून चालत छापखान्याकडे निघाली आहे. प्रबंधाचं पुस्तक होतंय आणि आजच्या प्रुफांनंतर ते मशीनवर जाणार. तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांचा आवाज एका गल्लीत आहे, पुढच्या गल्लीत नाही. तिच्या लक्षात येतं की ती आवाज कुठे संपतो ती जागा शोधत चालली आहे. सवय. पृष्ठ एकशे बारावर पोचू नये म्हणून मन अशी कामं शोधून काढतं.

एकशे बारा. ‘निवेदक १४ यांची प्रमाणभाषा उसनी आहे. नोकरीतली बत्तीस वर्षे ती त्यांनी गणवेशासारखी वापरली आणि घरी आल्यावर खुंटीला टांगली.’

वाक्य चांगलं होतं. चांगलं आहे हे लिहितानाच कळलं होतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या प्राध्यापकांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “हे तुम्ही फार नेमकं पकडलंत. हा माणूस मिळाला कुठे तुम्हांला?”

“ओळखीतून,” जया म्हणाली होती.

एक शब्द. तो उच्चारताना तिचा ळ स्वच्छ होता, स्वर कुठेही हलला नव्हता.

खोटं तरी कुठे होतं ते? असं मी, जयानं, पुढे कितीतरी वेळा स्वतःला विचारलं. शास्त्राची शिस्तच ती — निवेदकाचं, म्हणजे ज्याचं बोलणं टिपायचं त्याचं, नाव सांगायचं नाही, नातं सांगायचं नाही, माणसाचा आकडा करायचा. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी मी बाबांना तसं सांगितलंही होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी ताठ बसले होते. “नाव येणार नाही?” त्यांनी विचारलं होतं, मग म्हणाले, “बरंय. आम्हांला सवय आहे.” मी म्हटलं, घरी बोलता तसं बोला. त्यांनी मायक्रोफोनकडे पाहिलं, ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं, आणि नमस्कार म्हणाले — त्यानंतर चाळीस मिनिटांत घरातला एक शब्द आला नाही. मी चिडले होते. नमुना बिघडला म्हणून.

नऊ वर्षांची असतानाची एक संध्याकाळ त्या टेपवर नाही. एक वकील होते, कोर्टाच्या कामासाठी रोज कराडला फोन लावणारे. अठ्ठावीसशी त्यांची इतकी गट्टी जमली की मुलीच्या लग्नानंतर त्यांनी फोनवरूनच आग्रह केला, चहाला याच. बाबा मला सायकलवर पुढे बसवून घेऊन गेले. दार वकिलांनीच उघडलं. “या, या, आवाजावरून ओळखलं असतं! आता तरी नाव सांगा.” बाबांनी नाव सांगितलं. पूर्ण सांगितलं, वडिलांच्या नावासकट. वाईट काहीच झालं नाही. वकील म्हणाले, “असं का. छान, छान.” चहा आला, लाडू आले, मला दोन मिळाले. फक्त वकील ‘अहो अठ्ठावीस’ म्हणायचे थांबले आणि ‘आपण’ म्हणू लागले. इतक्या आदरानं बोलू लागले की त्यांच्यात आणि बाबांच्यात एक लांबलचक टेबल पसरत गेल्यासारखं वाटलं. परत येताना कर्वे रस्त्यावर चढाला बाबा सायकलवरून उतरले. ढकलत ढकलत, धापा टाकत म्हणाले, “चांगले मानसं हायेत, पोरी.” बाहेर, रस्त्यावर, मोठ्यानं. आमच्या घराच्या उंबऱ्याबाहेर मी ते बोलणं त्यांच्या तोंडून त्या एकदाच ऐकलं. पुढे वकील ट्रंक लावताना फक्त नंबर सांगत, असं बाबाच एकदा म्हणाले. तक्रार म्हणून नाही. पावसाची बातमी सांगावी तसं.

आणि त्याच माणसानं मला घडवलं होतं. पहिलीत असताना वर्गात मी ‘मले’ म्हणाले आणि पोरं हसली, त्या संध्याकाळपासून रोज सातच्या बातम्यांना रेडिओसमोर आम्ही दोघं बसत असू. बातम्या वाचणारा एक वाक्य म्हणे, बाबा ते म्हणत, मग मी. दोन वर्षं. जयाच्या आवाजात आज जे आहे, ज्याच्या जोरावर ती सभागृहांत बोलते, ज्याच्यामुळे ‘तुम्ही मूळच्या पुण्याच्याच ना?’ असं विचारणाऱ्यांना ती नुसतं हसून दाखवते, ते सगळं त्या रेडिओसमोरचं. मग उसनी कुणाची? हे तिला वाक्य लिहितानाच ठाऊक होतं. भाषेनं माणूस माणसाला खाली कसं बसवतो हे दोनशे ऐंशी पानं सांगताना, पलीकडे कुणीतरी बसलेलं असल्याशिवाय आपल्याला अलीकडे बसता येत नाही, हे एवढं त्यात लिहायचं राहिलं.

ती पिशवी तिनं बाबा गेल्यावर तीन आठवड्यांनी उघडली. पेन्सिलीच्या खुणा बारीक, टेलिफोन ऑफिसच्या वहीतल्यासारख्या. एकशे बारावर ‘उसनी’ या शब्दाला हात लावलेला नव्हता. ‘गणवेश’ला नाही, ‘खुंटी’ला नाही. फक्त ‘बत्तीस वर्षे’ यावर एक सरळ रेघ, आणि वर लिहिलं होतं : एकतीस वर्षे सात महिने.

म्हणजे ओळखलं होतं.

बत्तीस तिनं ऐकायला बरं वाटतं म्हणून केलं होतं. त्यांनी आपल्याबद्दलच्या त्या परिच्छेदात दुरुस्त करण्यासारखी तेवढीच एक चूक मानली, की बाकीच्याचा निकाल तिच्यावर सोपवला… लाईन दिली आहे, बोला. आणि ते आतल्या खोलीत गेले होते, आणि ती म्हणाली होती, पुढच्या रविवारी.

छापखान्याला तिनं तीच फोटोकॉपी दिली होती. कोरी प्रत विद्यापीठातून मिळाली असती. वेळ नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ती रेघ दुसऱ्या कुणीतरी बघावी, असं तिला वाटत होतं.

*

भाग्यश्री कंप्युटरसमोर बसून डब्यातली भेंडी संपवत होती. छापखान्यातलं अक्षरजुळणीचं सगळं काम आता तिच्याकडेच असे. शिशाच्या अक्षरांचे खिळे केव्हाच गेले होते. त्यांच्या रिकाम्या केसा, खणाखणांच्या त्या लाकडी पेट्या, भिंतीशी उभ्या होत्या आणि त्यांच्या खणांत कुणी रबर, कुणी बडीशेप ठेवलेली.

“बरं झालं आलात मॅडम. एकच डाउट आहे. एकशे बारा.” तिनं बोट पुसून पान पुढे केलं. “टाइपमध्ये बत्तीस आहे. वर पेन्सिलनं एकतीस वर्षे सात महिने. कुठलं घेऊ?”

“पेन्सिलीचं.”

“हो, पण अक्षर तुमचं नाहीये ना. तुमची करेक्शन लाल पेनात. आमचे बाबुराव — मालक — भांडतात मग. ऑथरशिवाय कुणी केलेलं करेक्शन असलं की कुणाचं ते बाजूला लिहून सही घ्यायची. मागं एका कविताकारांच्या बायकोनं कडवंच गाळलं होतं.” ती हसली. “कुणी तपासलंय? ओळखीतलं कुणी?”

समोरच्या पडद्यावर ते वाक्य होतं, छापायच्या अक्षरांत, फार सुबक. बत्तीसच्या मागे कर्सर उघडझाप करत होता. जयानं लाल पेन काढलं आणि टोपण न काढता हातात धरलं. हो म्हणता आलं असतं. तोंडी परीक्षेतला तो शब्द पुन्हा अगदी जिभेवर तयार होता, स्वच्छ, पूर्ण, आणि तो इतका सोपा आहे याचं तिला आत्ता पहिल्यांदाच आश्चर्य वाटलं.

“माझ्या बाबांनी,” ती म्हणाली. “भीमराव तायडे. निवेदक चौदा म्हणजे तेच.”

“अय्या!” भाग्यश्रीनं पडद्यावरचं वाक्य नव्यानं वाचलं, ओठ हलवत. ‘खुंटी’शी येऊन ती थांबली आणि तिनं जयाकडे पाहिलं नाही. “मग त्यांनाच फोन लावून विचारा ना एकदा. बाकीचं असंच ठेवायचं का ते.”

“ते नाहीत.”

“सॉरी हं मॅडम.”

“वाचलं होतं त्यांनी हे. दोन दिवस वाचत होते.”

बाहेर एक टेम्पो गल्लीत अडकला होता आणि दोघं जण एकमेकांना मागे घ्या, मागे घ्या म्हणत होते. भाग्यश्रीची बोटं कीबोर्डवर थांबलेली. बाबा असते तर आता बाजूला झाले असते, असं जयाच्या मनात आलं. आणि आपण बोलणार आहोत तो आवाज कुठला निघेल, रेडिओसमोरचा की चढावरचा, याची ती खरोखरच वाट पाहू लागली, एखाद्या परक्या माणसाच्या बोलण्याची पाहावी तशी. नोंदवण्यासाठी नाही.

“यात टाकायचं की नाही, ते मला अजून कळत नाही, भाग्यश्री,” ती म्हणाली. “पण उसनी नव्हती ती. त्याइची होती. त्याइनं मले देली.”