भस्माच्या रेघा आणि कांद्याच्या सऱ्या

पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला सुदर्शन महाराजांचा पत्र्याचा मांडव आहे. त्या गुरुवारी तिथं मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध माझे मालक आप्पासाहेब उभे होते. त्यांना कंपवात. हात थरथरतो ते एक, पण खरी पंचाईत पायांची. चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यागत थांबतात आणि मग काही केल्या पुढं पडत नाहीत.

महाराज वाकून भस्माच्या आडव्या रेघा मारत होते, पावलापावलावर एक. तोंड चालूच. "ह्या रेघा नाहीत, माऊली, ब्रह्मरज्जू आहेत. एकेकीखाली एकेक पीडा गाडलीय. ओलांडली की मेली. व्हायब्रेशन आहे, व्हायब्रेशन. अमेरिकेला अजून पत्ता नाही."

आणि आप्पासाहेब चालले. एक रेघ, दुसरी, तिसरी, पार मांडवाच्या टोकापर्यंत. बाया रडायला लागल्या. माझा मुलगा सोमनाथ महाराजांच्या पायावर आडवा पडला. मला मात्र आनंदाच्या आधी संशय आला. माझा स्वभावच तसा. भाजीवाल्याचा काटा मी रोज तपासते, मग ह्यांना कशाला सोडू?

"महाराज, घरी पण चालतील का?" मी विचारलं.

"पळतील. फक्त इंग्रजी गोळ्या बंद. भस्म आणि गोळी एका पोटात नांदत नाहीत."

गोळ्या बंद झाल्या आणि आप्पासाहेब दिवसेंदिवस लाकडासारखे होत गेले. कूस बदलायची तर सोमनाथला हाक मारावी लागे. पाणी पिताना ठसका लागे. पुन्हा मांडवात गेलो, तर महाराजांनी डोळे मिटून हवेचा वास घेतला. "ह्या घरात शंका आहे. शंकेखोर बाईच्या हातचं पाणी घेऊ नका."

सगळा मांडव माझ्याकडं वळला. जन्मभर माझ्या हातचं जेवलेले आप्पासाहेब त्या दिवसापासून सुनेकडं पाणी मागायला लागले. मी तांब्या पुढं केला की मान फिरवायचे. लई लागलं मला ते. चुलीपुढं बसून रडले, खोटं कशाला बोलू.

पण रडतानाही डोकं चालूच होतं. आप्पासाहेब ओसरीत अडायचे, दारात तर हमखास. त्याच आठवड्यात सोमनाथ त्यांना धरून वावरात घेऊन गेला होता, तर कांद्याच्या सऱ्या मात्र ते आडव्या ओलांडत गेले. तिथं कुणी भस्म टाकलं होतं?

सोमनाथची लेक मोनिका पुण्याला एका प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूवर काम करते. ती सुट्टीला आली तेव्हा तिला हे सांगितलं.

"आजी, पकडलंस तू त्याला," ती म्हणाली. "सरी काय आणि भस्माची रेघ काय, एकच. आपोआप चालायची मेंदूतली वाट ह्या आजारात बिघडते. समोर ओलांडायला काही दिसलं की मेंदू दुसऱ्या वाटेनं पायाला हुकूम देतो. म्हणून तर जमिनीवर पट्ट्या चिकटवून चालायला शिकवतात."

"मग बाकीच्यांना बरं वाटतंय ते?" महाराज लोकांना रोज मांडवाला फेऱ्या मारायला लावायचे आणि दोघाचौघांच्या चालीत खरंच फरक पडला होता.

"ते चालण्यानं. आम्ही उंदरांना एक विषारी औषध देऊन असाच आजार आणतो. काहींना रोज चाकावर पळवतो, काही नुसते बसून असतात. पळणाऱ्यांच्या मेंदूतल्या निरनिराळ्या जागांचं एकमेकींशी संधान बदलतं, काही ठिकाणी घट्ट होतं. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण मोठा रस्ता खोदला की शहागंजच्या बाजारात आपण गल्लीबोळातून निघतो ना, तसंच काहीसं. आणि त्या उंदरांना भस्म लावायला कुणी येत नाही."

"उंदराचं माणसाला कशाला लावतेस?" मी तिच्यावरही संशय घेतला.

"बरोबर आहे तुझं. उंदराचा मेंदू भुईमुगाच्या शेंगेएवढा. माणसांनाही व्यायामाचा फायदा होतो, पण आत नेमकं काय घडतं ते अजून शोधतोय. गोळ्या सोडा असं मात्र कुणी शहाणा सांगत नाही. एकदम बंद केल्या तर जिवावर बेततं."

अजून शोधतोय म्हणाली, म्हणून माझा विश्वास बसला. महाराजांना तर सगळंच ठाऊक होतं.

मोनिकानं लगेच डॉक्टरांना फोन लावून गोळी कशी सुरू करायची ते विचारलं. पण आप्पासाहेबांनी तोंड घट्ट मिटलं. महाराजांनी सांगितल्याशिवाय नाय, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गुरुवारच होता. मी पदराखाली ज्वारीच्या पिठाचा डबा घेतला आणि आप्पासाहेबांना घेऊन सगळ्यांबरोबर मांडवात जाऊन उभी राहिले.

"महाराज, माझ्या शंकेनं तुमची शक्ती अडते ना?"

"अडते, माऊली. तू नुसती उभी राहिलीस तरी अडते."

"मग माझ्या हातच्या रेघांनी तर काहीच व्हायला नको." मी वाकून पिठाच्या रेघा मारत गेले. कंबर धरली, पण टोक गाठलं. "ह्यात मंत्र नाय. गिरणीतलं पीठ हाय, आणि टाकणारी बाई संशयी हाय. अहो, चला."

आप्पासाहेब पहिल्या रेघेशी थरथरत उभे राहिले. सोमनाथनं एक हात धरला, मोनिकानं दुसरा. आता पाय उचलला नसता तर त्या गोळ्या कायमच्याच गेल्या असत्या. मग त्यांनी रेघेकडं बघितलं आणि पाय उचलला. एक ओलांडली. मग दुसरी.

"हा माझाच शिल्लक प्रभाव!" महाराज ओरडले.

"मग रेघेबिगर चालवा की," मागून साळूबाई म्हणाली. तिचा नवराही तिथं रोज फेऱ्या मारायचा. महाराजांना एकाएकी ध्यानाची वेळ झाल्याचं आठवलं आणि ते पडद्यामागं गेले.

मोनिकानं सरीची, रेघेची आणि उंदरांची गोष्ट लोकांना नीट सांगितली. मी एवढंच म्हणाले, "चाला, रोज चाला, घरात पट्ट्या लावा. पण डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. आणि प्रश्न विचारणाऱ्यालाच जो गुन्हेगार ठरवतो, त्याला चार प्रश्न जास्त विचारा."

आप्पासाहेब टोकाला खुर्चीत टेकले होते. दम लागला होता.

"गोळी आणलीय का?" त्यांनी हळूच विचारलं.

मोनिकानं गोळी हातावर ठेवली. सुनेनं लगबगीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. आप्पासाहेबांनी नको म्हणून मान हलवली आणि माझ्याकडं बघितलं.

"हिच्या हातचं दे," ते सुनेला म्हणाले.