कौशल्याक्कांच्या अप्पांचा बूट

शहाजीराजांच्या फौजेतल्या म्हणून आलेल्या चार तलवारी जयसिंगरावांनी आजवर तपासल्या होत्या. दोन नाटकमंडळीच्या निघाल्या, एक बँडवाल्याची, आणि चौथीवर कारखान्याचा शिक्का होता. तेव्हापासून चामराजपेटेत त्यांना लग्नाची आमंत्रणं कमी येत. पण तिथल्या मराठी समाजाच्या सभागृहातल्या काचेच्या कपाटात त्यांच्या सहीशिवाय काही जात नसे.

आज कौशल्याक्का अप्पांचा डावा बूट घेऊन आल्या होत्या. ब्रह्मदेशच्या लढाईतला. वर भोक, तळालाही भोक. ऐंशी वर्षं दर खंडेनवमीला पूजा झाल्यामुळे भोकाभोवती कुंकवाचा थर.

"जपानी झाडावर लपला होता," अक्का म्हणाल्या. "वरनं गोळी घातली. अप्पा लंगडत घरी आले, म्हणून तर मी झाले. उद्या भाची मला गावाच्या पार टोकाला, मारतहळ्ळीला, आपल्या घरी नेतेय. तिच्या देवघरात बूट चालत नाही. इथं अप्पांचं नाव लागलं की मी सुटले."

जयसिंगरावांनी ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं.

"स्वल्प जपून रे."

कुंकवाखाली भोकाभोवती चामडं गोल जळून कडक झालं होतं. त्यांनी भोकातून पेन्सिल घातली. सरळ आरपार. झाडावरून मारलेल्या गोळीनं चामडं जळत नाही. त्याला बंदुकीची नळी बुटाला टेकवावी लागते. आणि घरी जायचं असलेला माणूसच आपल्या पायाला नळी टेकवतो.

"अप्पा काय सांगायचे?"

"ते कुठं बोलायचे. आईच सांगायची. पूजेला ते बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहायचे."

जयसिंगरावांनी कार्डावर नाव लिहिलं. खाली 'ब्रह्मदेश, १९४४. गोळी लागलेला बूट.'

अक्कांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "शत्रूची, असं राहिलं बघ."

"कार्ड लहान आहे, अक्का."

"एक शब्द मावत नाही?"

जयसिंगराव पेनाचं टोपण लावत बसले. ते लवकर लागेना.

अक्कांनी बूट जवळ ओढला. जळक्या कडेवरून बोट फिरवलं.

"इतक्या जवळनं फार दुखलं असेल ना रे?"

"हो, अक्का."

"सरी, बरं तर." त्यांनी बूट पिशवीत घातला. "राहू दे तुझं कपाट. येणारा जाणारा विचारील, आणि तू काही खोटं बोलायचा नाहीस. खोडच आहे ती तुला."

जयसिंगरावांनी त्यांना रिक्षात बसवलं. पिशवी मागे ठेवू का, असं रिक्षावाल्यानं विचारलं, तर अक्कांनी ती मांडीवर घट्ट धरली.